सांध्याच्या खालची पानं

तिचं पत्र आलं तेव्हा मला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. मला पत्र लिहील असं कुणी तोवर उरलं नव्हतं, म्हणून पोस्टमनला मी दोनदा विचारलं, नाव नीट बघितलंत ना? तो म्हणाला, ‘नाव तुमचंच आहे, काका. आता आत काय आहे ते तुमचं तुम्ही बघा.’ या गोष्टीला दोन वर्षं होतील. पत्राला मी उत्तर दिलं नाही.

रेघी कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं पत्र होतं. अक्षर बारीक आणि सरळ. ते मला इतक्यांदा वाचून पाठ झालं आहे की इथे उतरवताना कागद समोर घ्यावा लागत नाही.

‘आदरणीय सर, तुमचा जुना ईमेल बंद आहे म्हणून पत्र लिहिते आहे. द्राक्षाच्या जीनोमवरच्या तुमच्या लेखातली यादी घेऊन मी पीएचडी करते आहे. त्या यादीतला सत्तावीस क्रमांकाचा आरएनए मी तीन वर्षं शोधते आहे. त्याच जातीच्या चाळीस वेलींची पानं तपासली. कोवळी, जून, रोगट, निरोगी. एकदाही सापडला नाही. आमचे सर म्हणतात, माझे हात चांगले नाहीत, माझ्या हातात आरएनए नासतो. तसं असेलही. आता मलाही तसंच वाटायला लागलं आहे. फक्त एक विचारायचं होतं. लेखात “कोवळी पानं” एवढंच लिहिलं आहे. ती वेलीच्या नेमक्या कुठल्या भागातली होती? वर्षभरात प्रबंध द्यायचा आहे. दोन ओळी लिहिल्यात तरी पुरे.’

खाली सही, विभागाचा पत्ता आणि फोन. पाकिटाच्या मागे घरचा पत्ता.

बायकोनं आतून विचारलं, ‘अहो, कुणाचं आलं?’

‘असंच. जुन्या कामाचं.’

‘जुन्या कामाला अजून पाय आहेत म्हणायचे,’ ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

पत्र लिहिणाऱ्या मुलीला काय विचारायचं आहे ते मला दुसऱ्या वाचनाची गरज न पडता कळलं होतं. उत्तरही मला ठाऊक होतं. ते दोन ओळींतच मावणारं होतं, आणि अडचण नेमकी तीच होती.

आमच्या संस्थेत मी नऊ वर्षं द्राक्षाचा जीनोम वाचला. वाचला म्हणजे पडद्यावर. जीनोम हा चारच अक्षरांत लिहिलेला एक अतिशय लांब मजकूर असतो, मध्ये जागा नाही, विराम नाही. त्यात जनुक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे नुसतं बघून कळत नाही. पण पेशीला जो भाग हवा असतो त्याची ती नक्कल काढते. ती नक्कल म्हणजे आरएनए. पान, फूल, मणी, जिथून घ्याल तिथल्या नकला वेगळ्या. त्या सगळ्या गोळा करून यंत्राकडून वाचून घ्यायच्या, मग त्यांचे लहान लहान तुकडे मूळ मजकुरावर जिथे जुळतील तिथे बसवायचे. जिथे तुकड्यांची गर्दी होते तिथे जनुक आहे, अशी खूण करायची. या खुणा करणं हे माझं काम. लाजाळू माणसाला याहून सोयीचं काम मिळणं कठीण. वेलीशी बोलावं लागत नाही.

बहुतेक नकलांवरून पेशी प्रथिन बनवते. काहींवरून काहीच बनत नाही. पूर्वी त्यांना कचरा समजत. नंतर लक्षात आलं की त्या दुसऱ्या जनुकांना गप्प करतात, जागं करतात, म्हणजे न बोलता कारभार चालवतात. आम्ही प्रयोगशाळेत त्यांना ‘मुके’ म्हणत असू. घरी मी हे समजावून सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, ‘म्हणजे तुमच्यासारखे. तोंड उघडायचं नाही, पण घर अडवून बसायचं.’

पानांचे नमुने आणायला आमच्याकडे एक बाई होत्या. एके दिवशी त्यांचा पाय मुरगळला होता. आमचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, माझ्या टेबलापाशी आले. मी नेहमी पुस्तकात डोकं घालून बसे म्हणून त्यांनी माझं नाव पोथीवाले ठेवलं होतं. ‘पोथीवाले, आज बागेत तुम्हीच जा. कोवळी पानं हवीत. पानंच आणायचीत, सून नाही आणायची. घाबरू नका.’

मी थर्मास घेऊन गेलो. आत द्रव नायट्रोजन होता. पान खुडल्याबरोबर त्यात टाकायचं, नाहीतर आरएनए नासतो, एवढं मला माहीत होतं. बागेत मी त्याआधी दोनदाच गेलो होतो, दोन्ही वेळा पाहुण्यांच्या मागे उभा राहायला. आमच्या त्या जातीच्या वेली मांडवावर चढवलेल्या होत्या आणि मांडव माझ्या हाताच्या वर होता. एक लोखंडी स्टूल दिसलं, पण ते पार पलीकडे, शेडखाली. तिथे बागेचे मुकादम आणि तिघे जण डबा खात बसले होते. मोठमोठ्यानं हसत होते. स्टूल मागायचं तर त्या चौघांच्या समोर जाऊन उभं राहावं लागणार, त्यांचं हसणं थांबणार, आणि चारही चेहरे माझ्याकडे वळणार.

मग मला खाली दिसलं. वेलींच्या बुंध्यांपाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, नवे फुटवे आले होते. हिरवीगार, चमकदार, कोवळी पानं. मी उकिडवा बसलो आणि एका ओळीतली सगळी खुडली. इतकं व्यवस्थित काम मी हातांनी क्वचितच केलं असेल.

निघताना फाटकापाशी मुकादम भेटले. ‘साहेब, त्या ओळीतले खालचे फुटवे तुम्हीच काढलेत ना? बरं झालं. माझं अर्ध्या दिवसाचं काम वाचलं.’

‘असू द्या, असू द्या,’ मी म्हणालो.

बसमध्ये मला ते वाक्य टोचू लागलं. माझ्या पानं खुडण्यानं त्यांचं काम कसं वाचलं? त्यांना ती काढूनच टाकायची होती का? का? दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून द्राक्षलागवडीचं एक पुस्तक आणलं. टेबलावर ठेवलं. तीन दिवस उघडलं नाही. मी, जो किराणा गुंडाळून आलेला कागदही वाचल्याशिवाय टाकत नाही. चौथ्या दिवशी साहेब सांगून गेले की नमुने वाचनासाठी रवाना झाले. मी पुस्तक परत केलं.

तेव्हा मला किती कळलं होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं मी कळू दिलं नाही. याहून प्रामाणिक उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि हेही कदाचित स्वतःची बाजू राखून दिलेलं असेल.

निकाल आले ते सगळ्यांना आनंद देणारे. एकसष्ट नवे मुके. त्यातले तेवीस मजकुरावर व्यवस्थित बसले. अडतीस कुठेच बसेनात. आमच्या जातीच्या जीनोममध्ये त्यांना जागाच नव्हती. साहेब म्हणाले, ‘आपला जीनोम अजून फाटका आहे. हे भाग राहून गेले असणार.’ असं होतं, नाही असं नाही. त्या अडतिसांत सत्तावीस नंबर होता. तो भुरी रोगाशी झुंजणाऱ्या जनुकांच्या जवळचा वाटत होता. आमची जात भुरीला हटकून बळी पडणारी. तिच्या आत झोपलेला एक रक्षक आहे, त्याला जागं केलं की झालं, असं साहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेखावर माझं नाव तिसरं.

मी एकदा धीर करून म्हणालो होतो, ‘साहेब, अडतीस जणांना जागा नाही, हे जरा विचित्र नाही का?’

‘पोथीवाले, तुम्हाला स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही काहीतरी विचित्र दिसेल.’

सगळे हसले. मीही हसलो. मला खरोखरच दिसतं.

तिचं पत्र आल्यावर मी द्राक्षलागवडीचं पुस्तक विकत आणलं. दुसऱ्याच प्रकरणात चित्र होतं. द्राक्षाची वेल एक नसते, दोन असतात. खाली खुंट, म्हणजे दुसऱ्याच जातीची रानटी, काटक मुळं. त्यावर हव्या त्या जातीचं कलम बांधलेलं. सांधा जमिनीपासून हातभर वर. सांध्याच्या खाली जे फुटतं ते खुंटाचं. त्याला आपली द्राक्षं कधीच लागत नाहीत, म्हणून माळी ते येईल तसं काढून टाकतात. खुंटाला भुरी सहसा होत नाही.

बागेत काम करणाऱ्या कुणाही माणसाला हे ठाऊक असतं. नऊ वर्षं वेलीचं अक्षर अन् अक्षर वाचणाऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं. सत्तावीस नंबर आमच्या जातीत नव्हताच. ती तीन वर्षं जे शोधत होती ते तिथे कधीच नव्हतं.

मी उत्तर लिहायला बसलो. पहिलं अकरा पानांचं झालं. त्यात माझं बालपणही आलं होतं. फाडलं. दुसरं इतकं कोरडं की त्यातून चूक कुणाची ते कळत नव्हतं. तेही फाडलं. मग माझ्या मनानं एक चांगली सबब काढली: नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवील? पुरावा हवा. आता त्या खुंटाचाही जीनोम प्रसिद्ध झाला होता. आमचे अडतीस मुके त्यावर बसवून बघायचे. बसले की सिद्ध झालं. जाणत्या माणसाला अर्ध्या दिवसाचं काम. ते मीच करून तिला तयार पाठवीन, असं मी ठरवलं.

घरच्या कॉम्प्युटरवर ती फाईल उतरेना. उतरली तेव्हा जागा पुरेना. मुलीचे लहानपणचे फोटो दुसरीकडे हलवून जागा केली तर माझ्या वहीतल्या आज्ञा चालेनात. ज्या प्रोग्रॅमसाठी त्या होत्या तो बंद होऊन त्याचा नातू आला होता, आणि त्याला माझी भाषा समजत नव्हती. रोज सकाळी अंघोळ करून मी पडद्यासमोर बसे. चार महिने बसलो.

बायको एकदा चहा ठेवत म्हणाली, ‘अहो, नुसतं बघून ते यंत्र लाजेल आणि चालू होईल असं वाटतंय का तुम्हाला?’

संस्थेत गेलो. माझ्या जागेवर एक तरुण मुलगी बसली होती, हसरी. ‘कुणाकडे काम आहे, काका?’ तिला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत उत्तर हातात आलं असतं. मी म्हणालो, ‘काही नाही, सहज आलो होतो.’ तिनं पाणी दिलं. पेला रिकामा करून मी परत आलो. येताना शिपायाकडून कळलं की जुना फ्रीझर बिघडला तेव्हा सगळे नमुने टाकून दिले, आणि ती बागही काढली. तिथे आता गाड्या उभ्या करतात.

मग मोठ्या साहेबांकडे गेलो. ते मुलाकडे राहतात, गुडघ्यांनी अडकलेले, पण डोकं लखलखीत. मी सगळं सांगितलं. स्टूल, फुटवे, न उघडलेलं पुस्तक.

‘त्या यादीवर आजवर नव्वद लेख निघाले असतील, पोथीवाले. कुणाकुणाला पत्रं लिहिणार?’

‘एकीला.’

‘मग लिहा. मला विचारायला कशाला आलात?’

‘तुमचं नाव आहे लेखावर. पहिलं.’

‘असू द्या. माझ्या नावाला आता काय होणार आहे? ते आधीच गुडघ्यात गेलंय.’ ते हसले. मग म्हणाले, ‘खरं सांगू? मी नको म्हणावं म्हणून तुम्ही आलायत.’

जिना उतरताना मला त्यांचा राग आला. त्यांनी नको म्हणायला हवं होतं. धमकी द्यायला हवी होती. मग मला पुढची सगळी वर्षं अन्याय सोसणाऱ्या माणसासारखं राहता आलं असतं.

त्यानंतर एक वर्ष गेलं. त्यात काय घडलं हे मला सांगता येणार नाही, कारण काहीच घडलं नाही. पत्र टेबलाच्या खणात होतं. खण मी दुसऱ्या कामासाठीही उघडत नसे. चष्म्याचं घर खणातच होतं, तर मी नवं आणलं.

गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, बायको बाजारात गेलेली असताना मी पत्रातल्या मुलीच्या विभागात फोन केला. कार्यालयातल्या बाईंनी उचलला. मी तिचं नाव सांगितलं.

‘ती सोडून गेली. वर्ष होत आलं.’

‘प्रबंध दिला का?’

‘कुठला प्रबंध? हाताला यशच नव्हतं बिचारीच्या. तिच्या वह्या अजून कपाटात पडून आहेत. तुम्ही नातेवाईक का?’

‘नाही.’

‘मग कोण बोलताय?’

मी फोन ठेवला.

बायको आली तेव्हा मी पत्र जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवलं होतं. तिनं पिशवी खाली ठेवली, चष्मा लावला आणि उभ्यानंच वाचलं. मग बसली. मी तिला पहिल्यापासून सांगितलं. ती मध्ये बोलली नाही, आणि हे तिच्या बाबतीत काही बरं लक्षण नाही.

‘म्हणजे तुम्ही स्टूल मागितलं नाहीत म्हणून,’ ती शेवटी म्हणाली.

‘हो.’

‘आणि पुस्तक उघडलं नाहीत म्हणून.’

‘हो.’

‘आणि दोन वर्षं पत्र लिहिलं नाहीत म्हणून.’

‘अगं, पण आता काय उपयोग? तिनं सोडलं. पत्रानंतरचं वर्ष तर नाहीच, आधीची तीनही मी परत देऊ शकत नाही.’

‘उपयोगाचं मी विचारलंच नाही.’ ती पत्राची घडी घालत होती, त्याच्या मूळ घडीवर. ‘त्या मुलीच्या हातून आज घरात पेला पडला तरी तिला वाटत असेल, आपले हातच वाईट. तेवढं तरी काढा तिच्या डोक्यातून.’

‘ती त्या पत्त्यावर नसली तर?’

‘तर नसेल.’

‘मासिकाच्या संपादकांनाही कळवायला हवं. यादी मागे घ्यावी लागेल. त्याचा मसुदा आधी…’

‘अहो,’ ती म्हणाली, ‘आधी हे.’

मी लिहिलं. ती समोर बसून शेंगा सोलत राहिली, मी उठू नये म्हणून.

‘तुमच्या पत्राला दोन वर्षं उत्तर दिलं नाही, याला कारण माझा भित्रेपणा. दुसरं नाही. तुम्ही विचारलेला प्रश्न अगदी नेमका होता. ती कोवळी पानं मी स्वतः खुडली होती आणि ती कलमाच्या सांध्याच्या खालची होती, म्हणजे खुंटाची. सत्तावीस क्रमांक त्या जातीचा नाही. चाळीस वेलींत तो सापडला नाही, कारण तो तिथे नाही. तुमचं काम अचूक होतं. तुमच्या हातांत काहीही वाईट नव्हतं. आता खुंटाचाही जीनोम उपलब्ध आहे. यादीतल्या ज्या अडतिसांना आमच्या जातीच्या जीनोममध्ये जागा सापडली नव्हती, ते त्यावर बसवून कुणालाही खात्री करून घेता येईल. मला करता आलं नाही. हे पत्र तुमच्या सरांना, विद्यापीठाला, कुणालाही दाखवा. माझं नाव घालून दाखवा. क्षमा मागायचा हक्क मला उरला आहे असं वाटत नाही, म्हणून मागत नाही.’

बायकोनं वाचलं. ‘शेवटची ओळ नको,’ ती म्हणाली. ‘त्यात पुन्हा तुम्हीच.’

मी ती खोडली. खोडलेलं दिसत होतं, म्हणून पूर्ण पत्र पुन्हा लिहून काढलं, त्या ओळीशिवाय.

पोस्टात रांग लहान होती. खिडकीतल्या माणसानं पाकीट उलटंपालटं केलं. ‘नोंदणी करायची ना? मागे पाठवणाऱ्याचं नाव नाही.’

मी ते लिहिलं नव्हतं. विसरलो होतो की नाही, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी पाकीट परत सरकवलं आणि दोरीला बांधलेलं पेन पुढे केलं. मी नाव लिहिलं. पत्ता लिहिला.

‘फोन नंबर.’

तोही लिहिला.

‘किती दिवसांत पोचेल?’

‘चार-पाच. पत्ता बरोबर असला तर.’

‘आणि नसला तर?’

‘तुमच्याकडेच परत येईल. नाव आहे की आता.’ त्यांनी दोन शिक्के मारले आणि पाकीट मागच्या कापडी पिशवीत टाकलं. इतर पाकिटांवर ते उताणं पडलं, माझं नाव वर. मग दुसऱ्या कुणाचं तरी त्याच्यावर पडलं.

मी पावती हातात धरून उभा होतो. मागचे गृहस्थ म्हणाले, ‘काका, तुमचं झालं असेल तर…’

‘हो, झालं,’ मी म्हणालो आणि बाजूला झालो.